रामभाऊंचे शेजारी

पाळीव प्राण्यांत माशाइतका गरीब प्राणी नाही, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. कुत्रा भुंकतो, मांजर दुधावर टपते, पोपट नेमका पाहुण्यांसमोर नको ते बोलतो. मासा बिचारा बोलत नाही, काही मागत नाही, आणि सोसायटीच्या नियमावलीत त्याच्याविरुद्ध एकही कलम नसते. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत माशांची काचपेटी ठेवतात ती याच भरवशावर. संथपणे तरंगणारे ते रंगीत जीव पाहून रोग्याचे चित्त शांत व्हावे आणि डॉक्टरांच्या फीचा त्याला थोडा वेळ विसर पडावा! हा समज ज्यांना जपायचा असेल, त्यांनी एक पथ्य पाळावे. सिक्लिड घराण्यातला मासा घरी आणू नये.

सिक्लिड हे माशांतले एक मोठे आणि मानी घराणे आहे. त्याच्या दीड हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. बहुतेकींची वस्ती आफ्रिकेतल्या सरोवरांत, नाहीतर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत. भारताच्या वाट्याला या घराण्यातल्या मूळच्या अशा तीनच जाती आल्या. त्यांतली एक आपल्याला ताटात भेटते. गोव्यात तिला काळुंदर म्हणतात, केरळात करीमीन. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० मध्ये तिचे शास्त्रीय बारसे केले, तेव्हा आपल्या सुरतेचे नाव त्यात गुंफले. तेव्हा या घराण्याशी आपले अगदीच नाते नाही, असे नाही.

या घराण्याचा मोठा गुण म्हणजे अपत्यांचा सांभाळ. बहुतेक मासे अंडी सोडतात आणि आपल्या वाटेने निघून जातात. पुढे त्या अंड्यांचे काय झाले याची त्यांना खंत नसते. सिक्लिड मात्र अंड्यांवर पहारा देतात, पिलांना हिंडवून आणतात, संध्याकाळी गोळा करून घरी नेतात. आता ज्याला मुलेबाळे आहेत त्याला घर हवे, आणि ज्याला घर आहे त्याला हद्द हवी, हा न्याय पाण्याखालीही चालतो. म्हणून सिक्लिड भांडकुदळ असतात. त्यांतले थोरले वीतभर आणि त्याहूनही मोठे होतात, पेटीतली झाडे उपटतात, दगड उलथेपालथे करतात आणि लहान शेजाऱ्याला सरळ गिळून मोकळे होतात. पण याच घराण्यात दोन-तीन इंचांवर वाढ थांबणाऱ्या काही बुटक्या जाती आहेत. स्वभाव तोच, रुबाब तोच, फक्त माप फ्लॅटचे. आमच्या घरी आले ते हे बुटके सिक्लिड.

आम्ही मूळचे गिरगावातले. १९५१ मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, आणि मे महिन्याच्या सुट्टीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेऊन दाखवणे हे माझे ठरलेले काम असे. चाळीच्या दोन खोल्यांत माणसांनाच जागा नव्हती, तिथे मासे कुठे ठेवणार? २०१९ मध्ये आम्ही ठाण्याला चौदाव्या मजल्यावर राहायला आलो. बैठकीच्या खोलीची एक भिंत चक्क रिकामी राहिली. रिकामी भिंत दिसली की मध्यमवर्गीय माणसाला स्वस्थता लाभत नाही. सौ.चे मत पडले, तिथे शोकेस हवे. मला पुस्तकांचे कपाट हवे होते. चार वर्षे या वादात गेली आणि अखेर त्या भिंतीचा ताबा आमच्या कन्येने घेतला. अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी काचेची पेटी आली. वाळू, दगड, पाणवनस्पती आणि सुमारे पंचाऐंशी लिटर पाणी.

मासे मात्र लगेच आले नाहीत. नव्या पेटीत मासे लगेच सोडायचे नसतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विष. वाळूत आणि पाणी गाळणाऱ्या यंत्राच्या स्पंजात सूक्ष्म जीवाणूंची वस्ती झाली की त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे काही जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य. ही वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर जीवाणूंची उपासमार होऊ नये म्हणून रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकावे लागते. दीड महिना मी रोज सकाळी, नसलेल्या माशांना खाऊ घालत होतो.

‘‘अहो, मासे कुठं आहेत?’’ आलेल्या बायका विचारीत.

‘‘यायचे आहेत,’’ सौ. गंभीरपणे सांगे. ‘‘सध्या त्यांची वाट बघत हे नैवेद्य दाखवतात.’’

सातव्या आठवड्यात आम्ही क्रॉफर्ड मार्केटला गेलो. तिथल्या एका दुकानात, एका पेटीवर खडूने लिहिले होते – ‘राम, जोडी.’ आत दोन इंचांचा एक नर आणि त्याहून लहान मादी. अंगावर निळ्या टिकल्यांची खडी, डोळ्यांतून उभी गेलेली काळी रेघ, जणू काजळ जरा खाली ओघळले आहे. आणि नराच्या पाठीवरच्या पराचे पहिले काटे काळेभोर आणि उंच, जणू तुरा. मादीच्या पोटावर गुलाबी छटा. सौ.ने हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. ‘‘राम म्हणजे ही सीता असणार,’’ ती म्हणाली. वास्तविक या माशाचा अयोध्येशी काही संबंध नाही. व्हेनेझुएला आणि कोलंबिया या देशांतल्या, ओरिनोको नदीच्या खोऱ्यातल्या गवताळ मैदानांत तो राहतो. मान्युएल रामिरेझ नावाच्या, शोभेच्या माशांच्या व्यापाऱ्यावरून १९४८ मध्ये त्याचे शास्त्रीय नाव पडले. रामिरेझचा इंग्रजीत झाला रॅम, आणि क्रॉफर्ड मार्केटात रॅमचा झाला राम. भाषाशास्त्राचा तास घेताना एवढे सुबक उदाहरण मला दुसरे मिळालेले नाही. कन्येने त्यांची नावे ठेवली, रामभाऊ आणि रमाकाकू.

या माशांना पाणी ऊबदार लागते, सत्तावीस ते तीस अंशांचे. म्हणजे आपल्याकडे वर्षातले बरेच महिने पाणी तापवण्याचा खर्च नाही. पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी लागते. आमच्या नळाचे पाणी धरणांतून येणारे, मुळातच मृदू. बादलीत रात्रभर ठेवले की क्लोरीन उडून जाते. आणि आम्लतेसाठी लागते देशी बदामाचे वाळलेले पान! त्यातला कस उतरला की पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो आणि माशांना आपण गावी आल्यासारखे वाटते. परदेशातले हौशी लोक ही पाने पैसे मोजून मागवतात. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी ती झाडूवाला रोज टोपलीभर लोटतो. ‘‘साहेब, तुम्ही मास्तर ना?’’ मी पाने निवडताना त्याने एकदा विचारले. त्याच्या आवाजात आदर होता की करुणा, ते कळले नाही.

पहिला पंधरवडा फार सुखाचा गेला. पेटीत ही दोघेच. दुकानदाराच्या सल्ल्याप्रमाणे आधी जोडी रुळू द्यायची आणि मग दुसरे मासे आणायचे, असे ठरले होते. दोघे बरोबर हिंडत, बरोबर खात. मग एके दिवशी रामभाऊंनी रमाकाकूंना कोपऱ्यात ढकलले. दुसऱ्या दिवशी पाठलाग सुरू झाला. चार दिवसांत काकूंची शेपटी फाटली आणि त्या गाळणीच्या नळीमागे जाऊन बसल्या. खाद्य टाकले की बाहेर यायच्या, एक घास घ्यायच्या आणि परत नळीमागे. खायला भरपूर, पाणी स्वच्छ, जागा मुबलक, कुणाचा त्रास नाही. मग हे भांडण कशावरून?

आता एक गोष्ट सांगतो. ती घरातली आहे, पण घरोघरची असल्यामुळे सांगायला हरकत नाही. नेमके याच प्रश्नाचे उत्तर त्या दिवसांत आमच्याही घरात कुणाला देता येत नव्हते. चाळीत आमची दोघांची भांडणे फारशी होत नसत. वेळच नसे! कधी शेजारच्या बिऱ्हाडाने दोरीवर आमची जागा अडवून धोतरे वाळत घातलेली असत. कधी पाण्याच्या वेळी नळावर कुणी हंडा पुढे सरकवी. कधी कुणाचा रेडिओ, कधी कुणाची रांगोळी आमच्या उंबऱ्यापर्यंत आलेली. या प्रत्येक प्रसंगी आम्ही उभयता एका आवाजात बोलत असू. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या शेजाऱ्यांच्या स्वभावाची चिकित्सा करता करता झोप लागे. चौदाव्या मजल्यावर यातले काही नाही. चोवीस तास पाणी. दार ओढले की बंद. समोरच्या दारावर पितळी पाटी. तिच्यामागे कोण राहते ते चार वर्षांत कळले नव्हते. आणि आम्ही टॉवेलवरून भांडू लागलो. टॉवेलवरून, गॅसच्या शेगडीवरून, ‘‘तुम्ही तेव्हा असं म्हणाला होता’’ यावरून. पुढे पुढे भांडणही थांबले आणि निरोप कन्येमार्फत जाऊ लागले. भांडणापेक्षा ते वाईट. एका रविवारी सौ.ने माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली. ‘‘थोडे दिवस आईकडे जाऊन येते,’’ ती म्हणाली. दिवाळी जवळ नव्हती, कुणाचे लग्न नव्हते, आई आजारी नव्हती. मी काही विचारले नाही, तिने काही सांगितले नाही.

ती बॅग तशी जमिनीवर उभी असतानाच मी कन्येला घेऊन क्रॉफर्ड मार्केटला गेलो. रमाकाकूंची कथा ऐकून म्हातारा दुकानदार मान डोलावत म्हणाला, ‘‘औषध नको साहेब. आता शेजारी न्या.’’

‘‘शेजारी?’’

‘‘दोघंच आहेत ना? मग राग कुणावर काढणार? दहा कार्डिनल सोडा. मग बघा.’’

घरी येऊन मी पुस्तके उघडली. म्हाताऱ्याच्या बोलण्याला मोठा आधार निघाला. कोन्राड लोरेंट्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने, ज्याला पुढे १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, १९६३ च्या आपल्या आक्रमकतेवरील ग्रंथात हेच लिहून ठेवले आहे. सिक्लिडांची जोडी एकटी ठेवली तर नर मादीवर उलटतो, क्वचित तिचा जीवही घेतो. त्याचा उपाय असा : मोठ्या पेटीत मध्ये काच घालायची आणि दोन्ही बाजूंना एकेक जोडी ठेवायची. मग दोन्ही नर काचेपलीकडच्या शेजाऱ्यावर गुरगुरतात आणि आपापल्या बायकोशी गोडीने राहतात. पण खरी मौज पुढेच आहे. काचेवर शेवाळ वाढून शेजारी दिसेनासा झाला की घरातली कुरबूर पुन्हा सुरू होते. काच पुसली की शेजाऱ्याशी भांडण आणि घरात शांतता! पुढे १९६९ मध्ये ॲन रासा या अभ्यासिकेने जोडी एकटी ठेवल्याचा तिच्या वीणीवर काय परिणाम होतो, याच विषयावर निबंध प्रसिद्ध केला. तिने त्यासाठी निवडलेला मासा होता ऑरेंज क्रोमाइड. आपल्या काळुंदरचा धाकटा भाऊबंद, दक्षिण भारतातला आणि श्रीलंकेतला.

दहा कार्डिनल टेट्रा पेटीत सुटले. लाल-निळ्या पट्ट्यांचे, इंचभर लांबीचे हे मासेही ओरिनोकोच्या वरच्या खोऱ्यात सापडतात. म्हणजे तसे गाववालेच. त्यांना रामभाऊंच्या संसारात काडीचा रस नव्हता. ते आपले झुंडीने इकडून तिकडे जात. पण जाता-येता रामभाऊंच्या अंगणातून जात! रामभाऊंनी काळा तुरा उभारला, अंगावरच्या टिकल्या चमकवल्या आणि झुंडीवर चाल केली. झुंड फुटली, पुन्हा जमली, पुन्हा आली. त्या दिवशी रामभाऊंना दुसरे काम उरले नाही. तिसऱ्या दिवशी रमाकाकू नळीमागून बाहेर आल्या आणि त्यांनीही एका कार्डिनलला हाकलून दिले. रामभाऊंनी वळून पाहिले. मी भावुक होतो आहे असे कुणी म्हणेल. पण ते त्यांनी वळून पाहिले, एवढे मी शपथेवर सांगतो.

महिन्याभरात वाळूवर ठेवलेल्या फुटक्या पाटीच्या तुकड्यावर काकूंनी अंडी घातली. ही आपली शाळेतलीच दगडी पाटी. अंडी घालायला या जातीला अशी सपाट जागा आवडते. शंभर-दीडशे अंडी असावीत, मोहरीहूनही बारीक. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी! पालकांनीच अंडी खाल्ली होती. तरुण जोडप्यांच्या हातून पहिल्यांदा असे पुष्कळदा होते. तीन आठवड्यांनी पुन्हा अंडी. या वेळी एक जण परांनी वारा घाली, खराब झालेली अंडी वेचून काढी, तर दुसरा पहाऱ्यावर. मग पाळी बदलत. अडीच दिवसांत अंडी फुटली. ती वळवळणारी पिले तोंडात धरून दोघांनी वाळूत उकरलेल्या खळग्यात नेऊन ठेवली, एका खळग्यातून दुसऱ्यात हलवली. आणखी पाचएक दिवसांनी पिलांचा ढग तरंगू लागला आणि कार्डिनलांच्या डोळ्यांत प्रथमच रस दिसला. आता शेजारी खरोखरच धोक्याचे होते. आम्ही तिघे पेटीसमोर बसून राहू लागलो. खारट पाण्यात आर्टेमियाची अंडी भिजत घालून चोवीस तासांनी निघणारे जीव पिलांना भरवायचे, हे काम सौ.ने आपणहून घेतले. इडलीचे पीठ भिजवावे तशा सराईतपणे ती रोज रात्री बाटली लावून ठेवी. पुसून ठेवलेली बॅग जमिनीवरून माळ्यावर केव्हा गेली, ते मी पाहिले नाही. विचारलेही नाही.

आणि मग एका सकाळी दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ. चार वर्षांत पहिलीच भेट. तुमच्या कुंड्यांतून आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गळते, आणि त्या पाण्याला माशांचा वास येतो, असा त्यांचा आरोप होता. आठवड्याला पेटीतले पाव पाणी बदलावे लागते. त्यातल्या नायट्रेटमुळे ते झाडांना खतासारखे मानवते, म्हणून सौ. ते कुंड्यांना घालते. मी तोंड उघडायच्या आत ती पुढे झाली. ‘‘आमच्या पाण्याला वास येतच नाही,’’ तिने सांगितले. ‘‘मुळीच येत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘आणि तुमच्या खिडकीतला धूर वर येतो त्याचं काय?’’ ती म्हणाली. ‘‘रोज येतो,’’ मी म्हणालो. पंधरा मिनिटे आम्ही एका आवाजात बोललो. गृहस्थ गेल्यावर दार लावून ती माझ्याकडे बघून हसू लागली. किती दिवसांनी!

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती, पण खरी झाली नसती. माशांवरून माणसांचे अनुमान काढायला लोरेंट्झही गेला, आणि इतर शास्त्रज्ञांनी त्याच्यावर कडाडून टीका केली. ती योग्यच होती. कारण बाहेर कुणीतरी वैरी दाखवून घर एकत्र ठेवण्याची युक्ती माणसाला फार जुनी ठाऊक आहे. सासवांनी ती वापरली, संस्थाचालकांनी वापरली, राष्ट्रांनी वापरली. आणि तिची किंमत नेहमी त्या बाहेरच्याने मोजली. माझ्या पेटीत मात्र एकही कार्डिनल रामभाऊंच्या हातून मेला नाही. रामभाऊ तुरा उभारतात, दोन वीत पाठलाग करतात, हद्द संपली की परत फिरतात. कार्डिनल आपले आयुष्य जगतात. शेजारी आणि वैरी यांत हाच फरक असावा. वैरी आपल्याला नाहीसा व्हायला हवा असतो. शेजारी उद्याही तिथेच असणार, हे गृहीत धरून आपण भांडतो. चाळीत ज्याच्याशी दोरीवरून हमरीतुमरी व्हायची, त्याच्याकडे दिवाळीला पहिले ताट जायचे. बंद दाराने आमच्याकडून भांडण नेले, ते जाऊ द्या. पण त्याबरोबर ते ताटही नेले होते.

कुंड्यांखाली आता ताटल्या आहेत. संध्याकाळी सहा ते आठ आम्ही दार उघडे ठेवतो. समोरच्या पितळी पाटीमागे एक निवृत्त स्टेशनमास्तर राहतात, असे कळले. टॉवेलवरून अजून भांडण होते, पण ते टॉवेलाएवढेच असते.

रामभाऊंची अकरा पिले जगली. खालच्या गृहस्थांच्या नातवाने त्यांतली जोडी मागितली आहे, ती या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर खाली जायची आहे. त्यासाठी त्यांनी पेटी आणली, पाणी भरले आणि महिना झाला, ती तशीच चालू आहे. परवा ते जरा संकोचाने वर आले. ‘‘ते नसलेल्या माशांना खाऊ घालायचं,’’ त्यांनी विचारले, ‘‘अजून किती दिवस? घरात हसतात हो मला!’’

‘‘हसू द्या,’’ सौ. आतून म्हणाली. ‘‘पण शेजारी आमच्याकडूनच न्या. चार कार्डिनल देते.’’